भांगेच्या बियांचं दूध: दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावर

मला लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाही. सोया झालं, बदाम झालं, आणि दिवाळीपासून घरी केलेलं हेम्पचं, म्हणजे भांगेच्या बियांचं दूध चालू आहे. सोलापूरचा उन्हाळाही आता त्यावर काढला, म्हणून लिहिते.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: नशा चढते का? अजिबात नाही. या बिया खाद्यपदार्थ म्हणून विकायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये परवानगी दिली, आणि नशा आणणारा टीएचसी हा घटक किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. उत्तराखंडात तर त्यांची चटणी पूर्वापार वाटतात. एवढं समजल्यावर सासूबाईंनी स्वतः पेलाभर मागून घेतलं.

करायला सोपं. बिनसालीच्या बिया भिजवाव्या लागत नाहीत. एक वाटी बिया, चार वाट्या गार पाणी, चिमूटभर मीठ, दोन खजूर. मिक्सरमधून मिनिटभर फिरवायचं. मी पातळ सुती फडक्यातून गाळते. रंग किंचित हिरवट, चव सूर्यफुलाच्या बियांसारखी. फ्रीजमध्ये दोन दिवस उत्तम राहतं. खाली साका बसतो, तो हलवून घ्यायचा.

खरी अडचण चहाची. उकळत्या चहात ओतलं की बारीक गुठळ्या होतात, आलं असेल तर हमखास. म्हणून चहा बिनदुधाचा उकळून गाळते, कपात आधी कोमट दूध घेते आणि त्यावर चहा हळूहळू सोडते. असा जमतो, पण आपल्या दाट दुधाच्या चहाची सर नाही. दही लागत नाही, खीर आटवता येत नाही. नाचणीच्या पेजेत मात्र, गॅस बंद केल्यावर घातलं तर फार छान लागतं.

तीन मोठे चमचे बियांत साधारण ९-१० ग्रॅम प्रथिनं असतात, ओमेगा-३ही असतं. कॅल्शियमसाठी मात्र घरच्या या दुधावर विसंबू नका. मी नाचणी आणि तीळ वाढवलेत.

खर्च जड आहे. त्यामुळे स्वयंपाकाला शेंगदाण्याचं दूध आणि प्यायला हे, अशी वाटणी केली आहे. बियांत तेल भरपूर, त्यामुळे एप्रिल-मेच्या उकाड्यात फडताळात ठेवलेल्या बिया लवकर खवट होतात. छोटं पाकीट घ्या, पॅकिंगची तारीख बघा आणि फोडलं की डबा थेट फ्रीजरमध्ये ठेवा.