लोम्बोकच्या किनाऱ्यावरची जमीन: कागद खरे, तरी पैसे गेले

इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेलोंग बेलानाकपासून एकासपर्यंतच्या वाड्यांमध्ये, परदेशी माणसाला फसवायला खोटा कागद करावा लागत नाही. जमीन खरी असते, सर्टिफिकेट खरं असतं, नोटरीचं ऑफिस आणि सह्याही खऱ्या असतात. विकणारा त्याच वाडीत जन्मलेला असतो आणि घरी बोलावून कॉफी पाजतो. तरी पाच-सहा वर्षांनी कळतं, की आपले पैसे गेले आणि जमीन आपली कधी नव्हतीच. भारतातून जाणाऱ्यांमध्ये आता मराठी माणसंही आहेत, म्हणून हा प्रकार सविस्तर लिहायला हवा.

मूळ गोष्ट कायद्यात आहे. 1960 च्या कायदा क्रमांक 5 प्रमाणे पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, व्यक्ती म्हणून फक्त इंडोनेशियन नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाने ती आडमार्गाने घ्यायचा प्रयत्न केला, तर कलम 26 प्रमाणे व्यवहार रद्द होतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेली रक्कम परत मागता येत नाही. दलालाला हे पाठ असतं. तो म्हणतो, “जमीन माझ्या मेव्हण्याच्या नावावर घेऊ, फक्त नावापुरती. बाकी सगळं नोटरीकडे पक्कं करून देतो.”

मग एक गठ्ठा तयार होतो. पहिला कागद कर्जाचा: मेव्हण्याने तुमच्याकडून जमिनीच्या किमतीएवढी रक्कम उसनी घेतली, असा. दुसरा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचा. तिसरं विक्रीचं कुलमुखत्यारपत्र, कधीही रद्द न होणारं. चौथं निवेदन, ज्यात मेव्हणा कबूल करतो की जमिनीचा खरा मालक परदेशी पाहुणाच आहे. वाचताना हा चौथा कागद सगळ्यात दिलासा देतो. कोर्टात घात करतो तोही हाच, कारण कायदा डावलून मालकी मिळवल्याचा पुरावा त्यात तुमच्या सहीनिशी लिहिलेला असतो. तिसऱ्याचीही तीच गत. जमिनीच्या हस्तांतरासाठी असं बेमुदत कुलमुखत्यारपत्र चालत नाही आणि त्याच्या आधारावर खरेदीखत करायला अधिकाऱ्याला मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या परिपत्रकात तर स्पष्टच म्हटलंय, की पैसे कोणाचेही असोत, सर्टिफिकेटवर ज्याचं नाव तोच मालक.

मेव्हणा वाईट असेलच असंही नाही. तो वारला की जमीन त्याच्या मुलांकडे जाते, त्याचा घटस्फोट झाला की बायको हिस्सा मागते, त्याने कर्ज थकवलं की बँक जप्ती आणते. या सगळ्यांना कायद्याची साथ आहे, तुम्हाला नाही.

सर्टिफिकेटच नसलेल्या जमिनी आणखी स्वस्त मिळतात. तिथे पुढे केले जातात ते ‘पिपिल’, ‘गिरिक’, ‘स्पोरादिक’ आणि एसपीपीटी. पिपिल आणि गिरिक ही जुन्या जमीन कराची नोंद. स्पोरादिक म्हणजे जमीन आपल्या ताब्यात असल्याचं कब्जेदाराने स्वतः लिहून दिलेलं निवेदन, खाली गावप्रमुखाची सही. एसपीपीटी हे सरळ कराचं बिल. आपल्याकडे घरपट्टीची पावती दाखवून घर विकावं, तसाच हा प्रकार. 2021 च्या नियमावलीने वैयक्तिक मालकीच्या जुन्या कागदांच्या नोंदणीसाठी 5 वर्षांची मुदत घातली. त्यानंतर मालकीचा पुरावा म्हणून त्यांना किंमत नाही, जमिनीचा माग काढायला तेवढा त्यांचा उपयोग. अशा जमिनीवर आधी विकणाऱ्याने सर्टिफिकेट काढावं, मग पैशांची बोलणी करावीत. “आधी अर्धे द्या, त्यातूनच सर्टिफिकेट काढतो” म्हणणाऱ्याला तिथेच नकार द्यावा.

सर्टिफिकेट हाती आलं की नाव नंतर बघा, आधी ‘सुरात उकुर’, म्हणजे मोजणीचा नकाशा बघा. तिथे भाव ‘आरे’वर सांगतात. 1 आरे म्हणजे 100 चौरस मीटर, आपल्या सातबाऱ्यावरचा आर तोच, त्यामुळे हिशेब आपल्याला सोपा. दाखवताना दलाल नारळाच्या झाडापासून कुंपणापर्यंत हात फिरवतो आणि 30 आरे सांगतो. नकाशावर भरतात 22. उरलेली 8 शेजाऱ्याची असते किंवा किनाऱ्याची. म्हणून कोपऱ्यांवरचे ‘पातोक’, म्हणजे हद्दीचे खुंट, स्वतः चालत जाऊन शोधावेत आणि जमीन कार्यालयाकडून फेरमोजणी मागावी. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना हजर ठेवावं आणि हद्द मान्य असल्याच्या त्यांच्या सह्या घ्याव्यात. रस्ताही याच नकाशावर बघायचा. दलालाची गाडी ज्या पायवाटेने आत आली, ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या शेतातून जाते आणि विक्री झाली की तिथे बांबूचं फाटक उभं राहतं.

आता समुद्राची बाजू. 2016 च्या अध्यक्षीय नियमाप्रमाणे सर्वोच्च भरतीरेषेपासून जमिनीकडे किमान 100 मीटरचा पट्टा ‘सेम्पादान पांताई’, म्हणजे किनाऱ्याचा राखीव पट्टा, धरला जातो आणि नेमकी रेषा जिल्ह्याच्या आराखड्यात ठरते. समजा, प्लॉट किनाऱ्यालगत 50 मीटर रुंद आणि 120 मीटर खोल आहे. म्हणजे 60 आरे. त्यातले पहिले 100 मीटर गेले, तर बांधायला उरतात फक्त 10 आरे, पण पैसे साठांचे मोजले जातात. सर्टिफिकेटवर पूर्ण 60 लिहिलेले असू शकतात, पण तेवढ्यावरून बांधकामाची परवानगी मिळेलच असं नाही. परवानगीच्या आधी जमिनीचा वापर आराखड्याशी जुळतो की नाही हे तपासतात, आणि भातशेती म्हणून राखून ठेवलेली जमीन तिथे अडते. भरतीरेषा दलालाच्या बोटावरून मानू नये. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात उभं राहून बघावी. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको.

पाण्याचं आमिषही ठरलेलं. जमिनी दाखवतात पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच, सगळं हिरवंगार असताना. दक्षिण लोम्बोक कोरडा भाग आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विहिरी तळाला जातात, किनाऱ्याजवळच्या बोअरला खारं पाणी लागतं आणि टँकर मागवावे लागतात. जमीन त्याच महिन्यांत बघावी, शेजारच्या बोअरचं पाणी चाखावं आणि विजेचा शेवटचा खांब किती मीटरवर आहे ते मोजावं.

वारसांचा घोळ सगळ्यात जास्त व्यवहार बुडवतो. किनाऱ्यावरच्या जमिनी बहुतेक वडिलोपार्जित असतात आणि लोम्बोकमधून मोठ्या संख्येने माणसं मलेशियात कामाला जातात. विक्रीच्या दिवशी चार भावंडं सही करतात, पाचवा तिकडे असतो. “त्याची हरकत नाही” हे तोंडी असतं. दोन वर्षांनी तो परत येतो, तोवर तुमचं घर उभं राहिलेलं असतं. वारस दाखला आणि ‘कार्तू केलुआर्गा’ हे कुटुंबपत्रक समोर ठेवून एकेक नाव जुळवावं. प्रत्येक वारसाची सही घ्यावी, आणि विवाहित असेल तर जोडीदाराचीही.

तपासणीला फार पैसे लागत नाहीत. जमीन कार्यालयात सर्टिफिकेट पडताळायची सरकारी फी 50,000 रुपिया आहे. त्यात बोजा, जप्ती, स्थगिती यांच्या नोंदी कळतात. ‘सेंतूह तानाहकू’ हे सरकारी ॲपही आहे. खरेदीखत करणाऱ्या अधिकाऱ्याला पीपीएटी म्हणतात आणि त्याचं कार्यक्षेत्र आखून दिलेलं असतं. बालीतल्या ऑफिसात बसून लोम्बोकच्या जमिनीचं खरेदीखत होत नाही, कारण प्रांतच वेगळा. असं कोणी करून देतो म्हणाला, तर हाती येणारा कागद खरेदीखत नाही, साधा करार आहे. तसंच 10,000 रुपियांचं ‘मेतेराई’, म्हणजे मुद्रांक तिकीट, चिकटवलेली पावती. त्या तिकिटावर आडवी सही पाहून लोक निश्चिंत होतात. तिकिटाने कागदावरचा कर भरला जातो, व्यवहार कायदेशीर होत नाही.

परदेशी माणसाला खुल्या वाटा तीन. भाडेपट्टा, निवास परवाना असेल तर ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क (30 वर्षं, पुढे वाढवून 20 आणि मग आणखी 30), किंवा परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढून तिच्या नावे ‘हाक गुना बांगुनान’, म्हणजे जमिनीवर बांधकामाचा हक्क. कंपनीला जमीन-इमारत सोडून 10 अब्ज रुपियांहून जास्त गुंतवणूक दाखवावी लागते, त्यामुळे एका खोलीच्या होमस्टेसाठी ही वाट नाही. बहुतेकांना भाडेपट्टाच परवडतो आणि त्यातला सापळा मुदतवाढीच्या कलमात असतो. “मुदतवाढ त्या वेळच्या दराने” एवढंच लिहिलं, तर 25 वर्षांनी मालक म्हणेल तो आकडा. दर काढायची पद्धत आजच लिहून घ्या. करार वारसांवर बंधनकारक असल्याचं आणि मुदतीत जमीन गहाण ठेवायला मनाई असल्याचं कलम घाला. 2009 च्या भाषाविषयक कायद्याप्रमाणे करार इंडोनेशियन भाषेत हवा. फक्त इंग्रजी प्रतीवर विसंबू नका, आणि शपथबद्ध अनुवादक तुमचा असू द्या, दलालाचा नको.

व्हिसाबद्दल थोडक्यात. व्हिसा ऑन अरायव्हल 500,000 रुपियांचा, 30 दिवसांचा, एकदाच आणखी 30 दिवस वाढतो. त्यावर पाहुणे ठेवून पैसे घेणं हे बेकायदा काम आहे, आणि जमिनीचा वाद पेटला की पहिली तक्रार इमिग्रेशनकडे याचीच जाते. मुदतवाढीसाठी पासपोर्ट एजंटकडे दिला, तरी तारीख स्वतः सांभाळा. जास्त राहिल्याचा दंड दिवसाला 10 लाख रुपिया आहे.

पैसे अडकलेच, तर पहिल्यांदा जमीन कार्यालयात ‘ब्लोकिर’चा अर्ज करा. त्याने त्या सर्टिफिकेटवरची पुढची विक्री थांबते, मात्र खाजगी व्यक्तीच्या अर्जावरची स्थगिती 30 दिवसच टिकते. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणावा लागतो. पोलिसांत फिर्याद देण्याआधी तो चौथा कागद वकिलाला दाखवा. वकीलही जमीन ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कोर्टात चालवणारा हवा, आणि विकणाऱ्याने सुचवलेला नको.