बडोद्यातील प्राध्यापकांचे शोधनिबंध-वाचन: चार बैठकांनंतरचा अभिप्राय

आमच्या शहरातील एका महाविद्यालयात मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचे प्राध्यापक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आपले चालू संशोधन सहकाऱ्यांपुढे मांडतात. बाहेरच्यांनाही तेथे बसता येते आणि शुल्क नाही. मी निवृत्त ग्रंथपाल असून यंदा चार बैठकांना गेलो.

या उपक्रमाचे बळ एका साध्या शिस्तीत आहे: निबंधाचा कच्चा मसुदा आठवडाभर आधी सर्वांच्या हाती पडतो. छापून आलेला निबंध वाचून दाखवला, तर ऐकणाऱ्याने केवळ अभिनंदन करायचे उरते. येथे मात्र निबंध अजून घडत असल्यामुळे दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याच्या प्रश्नाने त्याची मांडणीच बदलू शकते.

दुसऱ्या बैठकीत ते प्रत्यक्ष पाहिले. इतिहासाच्या एका प्राध्यापिकाबाईंचा विषय बडोदे संस्थानातील सक्तीचे प्राथमिक शिक्षण हा होता. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात केलेला प्रयोग, १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानाला लागू झालेला कायदा आणि मुलग्यांसाठी ७ ते १२, तर मुलींसाठी ७ ते १० अशी ठरलेली वयोमर्यादा, हे सर्व त्यांनी नेमकेपणाने सांगितले आणि पालकांना होणाऱ्या दंडावर विशेष भर दिला. तेव्हा अर्थशास्त्राच्या सरांनी विचारले की, दंडाची रक्कम वाढली म्हणजे गैरहजेरी वाढली, की वसुली कडक झाली? त्यावर समाजशास्त्राच्या बाईंनी सुचवले की, सुगीच्या दिवसांत शेतमजुरांची मुले शेतावर जात असल्याने नोंदी महिनावार लावून पाहाव्यात. वर्षाच्या बेरजेत हा फरक दिसणारच नव्हता. मोडीतील जुन्या हिशेबांवरची बैठकही अशीच रंगली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत आणि शब्दही सुटे लिहीत नसत, त्यामुळे एका ओळीच्या वाचनावर मराठीच्या आणि इतिहासाच्या प्राध्यापकांनी अर्धा तास दिला.

तिसऱ्या बैठकीने मात्र निराश केले. वक्ते ज्येष्ठ होते, पडद्यावरची वाक्ये तशीच वाचत राहिले आणि अध्यक्षांनी संकोचाने त्यांना थांबवले नाही. चर्चेला जेमतेम दहा मिनिटे उरली. मसुदा सर्वांनी वाचलेला असताना वाचनाला वीस मिनिटे पुरेशी आहेत, आणि हा नियम ज्येष्ठांनाही लागू व्हावा.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. या चर्चांची नोंद कोणीही ठेवत नाही. मूळ मसुदा, त्यावरचे प्रश्न आणि सुधारलेला निबंध तारखेसह ग्रंथालयात एकत्र राहिले, तर पुढच्या संशोधकाला विचार कसा बदलत गेला हे पाहता येईल. दंडावरची ती चर्चा मी माझ्या वहीत चार पाने उतरवून घेतली आहे आणि तिची प्रत पुढच्या शनिवारी संयोजकांकडे देणार आहे.