समुद्रात घातलेली अ‍ॅक्टिव्हा ज्यांनी वाचवली ते नाचण्याचं गॅरेज, ४ स्टार

रत्नागिरीत मारुती मंदिरावरून नाचण्याकडे जाताना लागतं, पत्र्याची शेड, बाहेर कायम सात-आठ गाड्या उभ्या. बोर्ड होता तो एका पावसाळ्यात उडाला, परत लावलाच नाही. मेस्त्री म्हणून विचारलं की कोणीही दाखवेल. मी इथे सात-आठ वर्षं गाडी टाकतोय पण रिव्ह्यू आत्ता लिहितोय, कारण परवा एकाने विचारलं की गाडीत खारं पाणी गेलंय, कोण करेल? आणि या विषयात मी दुर्दैवाने जाणकार आहे.

२०१८ची कोजागिरी. मी एसवायला होतो. आम्ही तिघे बाबांची अ‍ॅक्टिव्हा आणि आईचं मोठं स्टीलचं पातेलं घेऊन भाट्याला गेलो, मसाला दूध आटवायला. संध्याकाळी साडेसहाला पोचलो तर समुद्र एवढा लांब गेलेला की वाळू नुसती ओली कडक, टेनिस कोर्टसारखी. एकाच्या डोक्यात आलं की गाडी खाली नेऊन चंद्र उगवताना फोटो काढू. काढले. फोटो चांगले आले हे खरंय. मग गाडी तिथेच स्टँडला लावून आम्ही वर सुरूच्या झाडांत दूध आटवत बसलो, गप्पा, गाणी, दहा कधी वाजले कळलंच नाही. पातेलं धुवायला म्हणून एकजण खाली गेला तो बोंबलतच परत आला. गाडी आडवी पडलेली, सीट आणि एक आरसा तेवढा दिसत होता, प्रत्येक लाटेबरोबर आत-बाहेर आत-बाहेर. पातेलं त्या धावपळीत जे गेलं ते गेलंच.

तिघांनी कमरेएवढ्या पाण्यातून ओढून काढली. पुढचा शहाणपणा माझा. मी सेल्फ मारला, तीनदा. नशीब की बॅटरी आधीच मेलेली होती. मग ढकलत पूल ओलांडून मित्राच्या घरामागे लपवली, घरी 'पंक्चर झाली, सकाळी आणतो' सांगितलं आणि झोपलो. झोपलो म्हणजे पडून राहिलो.

सकाळी टेम्पोत घालून या गॅरेजला. इथेच का, तर बाबा इथे येत नाहीत असं मला वाटत होतं. मेस्त्रींनी नंबर प्लेट बघितली, माझ्याकडे बघितलं, फुटबोर्डवर बोट फिरवून जिभेला लावलं. म्हणाले, "कधी?" मी म्हटलं काल रात्री. "आणि रात्रभर तशीच? बांगडा खारवतात तशी खारवलीस की रे गाडी!" सेल्फचं सांगितल्यावर तर हातातला पाना खाली ठेवला त्यांनी. इंजिनात पाणी असताना फिरवलं तर पाणी काय दाबलं जात नाही, पिस्टन वर येऊन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग अर्धं इंजिन नवीन. हे त्यांनी मला तिथे उकिडवं बसवून समजावलं, नि आमच्या फिजिक्सच्या तासापेक्षा नीट समजलं.

मग नळीने साधं पाणी मारून सगळी गाडी धुतली, प्लग काढून किक मारल्या तर भोकातून पिचकारी. खाली ट्रे लावून ऑइलचा नट सोडला. काळं ऑइल येईल असं वाटलं होतं, तर जे आलं ते पांढरट, घट्ट, वर फेस. ऑइल आणि पाणी घुसळून असं होतं म्हणे. मेस्त्रींनी ट्रे माझ्यासमोर धरला, "घे, कोजागिरी."

पण मला हे गॅरेज आवडतं ते पुढच्या गोष्टीसाठी. एवढं झाल्यावर त्यांनी विचारलं, बापसाला सांगितलंस? मी गप्प. ते म्हणाले, मीठ थांबत नाही म्हणून एवढं केलं, आता यापुढे बापूस आल्याशिवाय स्क्रूपण लावणार नाही, गाडी त्याच्या नावावर आहे. चहा सांगतो, चहा येईपर्यंत फोन तू कर, नाहीतर मी करतो. मी म्हटलं तुमच्याकडे नंबर कुठाय. तर म्हणे ही गाडी चार वर्षं मीच सर्व्हिस करतोय. झालं!

मी केला फोन. बाबा वीस मिनिटांत आले. मला वाटलेलं गॅरेजमध्येच कानाखाली बसणार. त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही, आधी विचारलं, "पाण्यात उतरला होतात? तिघंही? रात्री?" मी हो म्हटलं. मग बराच वेळ काही बोललेच नाहीत आणि ते कानाखालीपेक्षा वाईट होतं. इन्शुरन्स नुसता थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीला छदाम मिळणार नाही, हे ते स्वतःशीच पुटपुटले तेवढंच.

आईचं वेगळं. गाडीचं ऐकून म्हणाली, "जाऊदे, तू धड आलास ना." आणि अर्ध्या तासाने स्वयंपाकघरातून आवाज, "पातेलं कुठाय?" त्या पातेल्यावर तिच्या मामाचं नाव घातलेलं होतं, लग्नातला आहेर. ते ती आजही काढते. मित्रांच्या घरी काय झालं? एकाला बापाने महिनाभर मोबाईल दिला नाही, आणि दुसऱ्याच्या घरी अजून माहीत नाही म्हणून नावं लिहीत नाहीये.

सगळ्यात जास्त अपमान आजीने केला. ती मिऱ्याची, समुद्र दारात. ती रागावलीच नाही, हसली. मला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, येते का विचारलं. नाही. "मेल्या, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती म्हणजे पाच-साडेपाचला सुकती, ओहोटी रे, आणि पुनवेला उधाण, पाणी नेहमीपेक्षा वर येणार. तुम्ही सुकती बघून गाडी लावलीत, आणि सायन्सला जाता?" थोडं मागेपुढे होतं पण मी नंतर बरेचदा ताडून बघितलंय, हिशोब बसतो. चंद्र बघायला गेलो आणि चंद्रानेच गाडी नेली, असं काका अजून गणपतीत सगळ्यांसमोर म्हणतो.

आता कामाचं. तेव्हा बीएस-सिक्स या प्रदूषणाच्या नियमाच्या आधीची गाडी, कार्बोरेटर होता, तो पूर्ण खोलून साफ केला. एअर फिल्टर फेकला. ऑइल भरून थोडं चालवून काढलं, असं दोनदा, तिसऱ्यांदा भरलेलं राहिलं. ब्रेकच्या ड्रममधून मूठभर वाळू निघाली. बेल्टची बाजू उघडून सुकवली, वायरिंगचा एकेक कनेक्टर काढून पुसला कारण तांब्यावर हिरवं चढायला लागलेलं. बॅटरी नवीन. एकूण बिल ५,८५०, प्लगच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं. निम्मे मी भरायचे असं बाबांनी ठरवलं, त्यामुळे दिवाळीचे पैसे गेले आणि चार महिने कॉलेजला एसटीने. शिवाय दर रविवारी गाडी खालून धुवायची, ते माझ्याकडेच. मेस्त्रींनी तेव्हाच सांगितलेलं की सायलेन्सर वर्ष-दीड वर्षात सडेल, तो सडला. बाकी गाडी आजही चालते, आई भाजीला नेते.

तक्रारी आहेत. 'उद्या देतो' म्हणजे चार दिवस धरा. फोन उचलत नाहीत. गणपती आणि शिमग्यात शेड बंद, आणि ते किती दिवस ते त्यांनाही माहीत नसतं. यूपीआय आता आहे. सकाळी दहाच्या आत गेलात तर स्वतः हात लावतात, नंतर पोरं करतात, पोरं वाईट नाहीत पण नट जरा जास्तच आवळतात.

एक स्टार कापलाय तो यापैकी कशासाठी नाही. मी गाडी घेऊन गेलो की तिथे बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ते माझी ओळख 'भाट्याचा खलाशी' अशी करून देतात. मागच्या महिन्यात होणारी बायको मागे बसलेली होती. तिला सगळी गोष्ट सांगितली, ट्रेसकट, आणि आता त्यात मी पोहत गेलो असं पण आलंय.