ओसीटीए की आयसीजी: पडद्याखालचं रक्त बघताना कोण कुठे चुकतं

डोळ्याच्या पडद्याखालच्या रक्तवाहिन्या बघायला डॉक्टरांनी ओसीटीए (बिनसुईचा स्कॅन) आणि आयसीजी (शिरेतून डाय, म्हणजे रंग, सोडून काढलेले फोटो) अशा दोन्ही टेस्ट लिहून दिल्यात आणि घरी वाद चाललाय की बिनसुईची करावी की डायवाली, तर आधी एवढं डोक्यात घ्या की चुकतात दोन्ही, फक्त चुकायची जागा वेगळी.

ओसीटीएमध्ये सुई नाही, डाय नाही, काही मिनिटांत मोकळे. मशीन एकाच जागेचे पाठोपाठ स्कॅन घेतं आणि त्यात जे हललं ते रक्त असं धरतं, आणि सगळी गोम इथेच आहे. डोळा हलला तरी मशीनला हललेलंच दिसतं, फोटोत आडव्या पांढऱ्या रेघा येतात. आपल्याकडे दादर-परळला थेंब घालून एसीत ताटकळलेल्या आजोबांचे डोळे कोरडे पडलेले असतात, नजर एका जागी ठरत नाही, म्हणून स्कॅनच्या आधी चार वेळा पापण्या मिटायला सांगा, खरंच फरक पडतो. दुसरं म्हणजे रक्त फार सावकाश वाहत असेल तर मशीनला ते दिसतच नाही. वरच्या रक्तवाहिन्यांची सावली खालच्या थरावर पडून तिथेही वाहिनी आहे असं वाटतं. आणि पडदा फोडासारखा उचललेला असेल तर सॉफ्टवेअर थरांची रेघ भलतीकडे मारतं, म्हणजे चौथा मजला सांगून तिसरा दाखवल्यासारखं. म्हणून नुसत्या रंगीत नकाशावर जाऊ नका, त्याच्यासोबतचा आडवा छेद पण मागा. स्वेप्ट-सोर्स मशीन असेल तर बरं, त्याचा प्रकाश साधारण १०५० नॅनोमीटरचा, नेहमीच्या ८४० वाल्यापेक्षा खोल जातो.

आयसीजीत डाय हाताच्या शिरेतून जातो, जवळजवळ सगळा रक्तातल्या प्रोटीनला चिकटतो म्हणून पटकन झिरपत नाही, आणि कोरॉइड, म्हणजे पडद्याखालचा रक्तवाहिन्यांचा थर, स्वच्छ दिसतो. पण खोली कळत नाही, सगळे थर एकावर एक. ताजं दाट रक्त साचलं असेल तर खालचं झाकलं जातं, आणि सुरुवातीच्या सेकंदांतले फोटो हुकले तर गेले. ॲलर्जी, लिव्हरचा त्रास, प्रेग्नन्सी असेल तर आधीच सांगा.

माझं स्पष्ट मत, पॉलिपॉइडलचा संशय असेल (यात पडद्याखालच्या वाहिन्यांना फुगे, म्हणजे पॉलिप, येतात; आपल्या आशियाई लोकांत तो आजार जास्त), किंवा डोळ्यात इंजेक्शनं घेऊनही पडद्याखालचं पाणी ओसरत नसेल, तर सुईला घाबरून आयसीजी टाळू नका, ओसीटीएत काही पॉलिप सुटतात. नंतरच्या फॉलोअपला ओसीटीए चालेल, पण दरवेळी त्याच मशीनवर, एकदा ठाण्याला नि एकदा परळला असं केलंत तर दोन रिपोर्टांतला फरक आजाराचा की मशीनचा हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.