गड्ड्याला (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) भाड्यानं घेतलेले सिमवाले वॉकीटॉकी : 5 पैकी अडीच

मी पोलिसात वायरलेसला नोकरी करून रिटायर झालोय, त्यामुळं सेट हातात आला की आधी अँटेना हलवून बघतो, बायको म्हणते भाजी निवडल्यासारखं काय करता. तर यंदा आमच्या स्वयंसेवकांसाठी गड्ड्याला 20 सेट भाड्यानं घेतले, सिमकार्डवर चालणारे. दुकानाचं नाव लिहीत नाही, दुकानदार पोरगं तसं चांगलं आहे. दिवसाला 150 रुपये सेट, डिपॉझिट वेगळं.

आधी चांगलं सांगतो. रिपीटर (आवाज पकडून पुढं पाठवणारं मधलं यंत्र) नको, उंच अँटेना नको, बाळीवेसवरनं बोललं तरी होम मैदानावर समोर उभं राहून बोलल्यासारखं स्वच्छ ऐकू येतं, आणि दुकानदाराच्या लॅपटॉपवर कोण कुठं उभाय ते नकाशावर दिसतं (आमचे दोघे पार्क चौकात भेळ खाताना सापडले ते असंच). एक सेट गर्दीत पडला तर पोरानं दोन मिनिटात दुकानात बसून तो बंद केला. आमच्या काळी सेट हरवला की ज्याला सापडेल तो आमचं सगळं ऐकत बसायचा, चॅनल बदलेपर्यंत काही करता येत नव्हतं.

आता रडगाणं. बटन दाबल्यापासून पलीकडं आवाज पोचायला सेकंदभर लागतो. ऐकायला काहीच नाही, पण पोरं बोलून लगेच बटन सोडतात आणि शेवटचा शब्द खाल्ला जातो, आणि आपल्या मराठीत नकार शेवटीच असतोय ना! मी म्हणालो "गेट सोडू नका", पलीकडं पोचलं "गेट सोडू". त्यानं सोडलं की गेट. नशीब तोवर गर्दी पातळ होती. त्यानंतर मी नियम केला, "नको" आधी म्हणायचं, मग बाकीचं. "नको, गेट नको सोडू." ऐकायला येडपट वाटतं पण चालतं.

खरी पंचाईत अक्षता सोहळ्याला, म्हणजे यात्रेतल्या सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला झाली. ते लागतं त्या सम्मती कट्ट्याभोवती मुंगी शिरायला जागा नाही, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, सगळे व्हिडिओ पाठवतायत, आणि "सत्यम सत्यम" ही मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच आमचे सेट मुके. माझ्यापासून वीस फुटांवर आमचा माणूस उभा, हात हलवतोय, सेटवर काही नाही! साध्या रेडिओत दोन सेट एकमेकांशी थेट बोलतात, यात आधी टॉवर, मग सर्व्हर, मग परत टॉवर. टॉवर तुंबला की वीस फूट काय अन् वीस किलोमीटर काय. शेजारच्या हवालदाराचा जुना व्हीएचएफ सेट (साधा रेडिओ) खरखरत का होईना पण चालू होता. शेवटी तो हवालदारच आमच्या माणसाशेजारी उभा राहिला, हवालदाराच्या सेटवर आलेलं आमचा माणूस ओरडून पुढं सांगणार आणि आमचं हवालदार कंट्रोलला देणार. दोन खात्यांचा जॉइंट चॅनल म्हणजे आमच्याकडं हा असा.

आता कुणी म्हणेल, मग परदेशात पोलिस 4जीवर कसे जातायत? तिथंही सरळ नाहीये. ब्रिटनमध्ये पोलिस, फायर, ॲम्ब्युलन्स तिघंही एअरवेव्ह या एकाच टेट्रा (असल्या खात्यांसाठीचा डिजिटल रेडिओ) नेटवर्कवर आहेत, ते सोडून 4जीवर जायचं काम 2015 लाच दिलं, पण अजून जुनं बंद करता आलं नाही. अमेरिकेत फर्स्टनेट या पोलिस-फायरवाल्यांसाठीच्या मोबाईल नेटवर्कवर पोलिसांच्या सिमला गर्दीत आधी वाट मिळते, वेळ पडली तर इतरांना बाजूला सारून. आपल्याकडं ट्राय या दूरसंचार नियामकानं 2018 मध्ये असं वेगळं नेटवर्क करा म्हणून शिफारस केलीय. आमचं सिम साधंच, रील बघणाऱ्या पोराच्या मागं रांगेत.

आणि सुरक्षित म्हणाल तर पोरगं सांगत होतं "काका, फुल एन्क्रिप्टेड आहे". म्हटलं दाखव. तर त्यानं स्वतःच्या मोबाईलवर आमचा ग्रुप उघडला आणि आमच्याच माणसाचा आवाज, "चहा पाठवा की बे". म्हणजे हवेत कुलूप आणि किल्ली दुकानदाराच्या खिशात! यात्रेला चालतंय, आमचं काय गुपित, पण पोलिसांनी असलं घ्यायचं तर सर्व्हर आणि किल्ली खात्याच्या ताब्यात पाहिजे, नाहीतर खरखर बरी.

अजून एक, सेटाला क्लिप आहे ती पट्ट्याची आणि आमची सगळी पोरं बाराबंदीत. पट्टा कुठला? नाडीला बांधले. परत देताना दोन क्लिपा तुटलेल्या, डिपॉझिटमधनं 400 कापले.

पुढच्या वर्षी सिमवाले फक्त पार्किंग आणि चहापाण्याला घेणार. कट्ट्याजवळ साधे, टॉवर न लागणारे सेट, लायसन्सचे कागद बघूनच, सहा बास.