आईला घेऊन दोघीच जायचंय, हैदराबाद की कोलकाता?

आई-लेक दोघीच जायचं, बाबा नाहीत, नवरा-पोरं नाहीत, एवढं ठरलं की पुढचा प्रश्न शहर कुठलं. डोंगर-समुद्र नकोय, मोठं शहर हवंय, जिथे बाजार आहे, बघण्यासारखं आहे, खायची चंगळ आहे आणि रात्री नऊला सहज रिक्षा मिळते. मग हैदराबाद आणि कोलकाता ही दोन नावं समोर येतात. मी आईबरोबर दोन्हीकडे जाऊन आलेय आणि मला मनापासून वाटतं की निवडताना सगळ्यात आधी एकच गोष्ट बघावी, कुठल्या शहरात आईला "तू जाऊन ये गं, मी इथेच बसते" असं कमीत कमी वेळा म्हणावं लागेल. दिवसातून तीन-चारदा हे वाक्य आलं की ट्रिप दोघींची राहतच नाही, एक फिरते आणि दुसरी पर्स-पिशव्या सांभाळत बाकावर बसते.

पोचायच्या बाबतीत हैदराबाद सरळ जिंकतं. मुंबईहून हुसेनसागर एक्सप्रेसने रात्री निघालात की दुसऱ्या दिवशी हैदराबाद, नागपूरहून तर २०२४ पासून सिकंदराबादची वंदे भारत आहे, सव्वासात तासांच्या आसपास. कोलकात्याला मुंबईहून गीतांजली किंवा पुण्याहून आझाद हिंद म्हणजे तीस तास किंवा त्याहून जास्त, एवढं बसून कंबर धरते आणि पहिला दिवस आराम करण्यात जातो. नागपूरवाल्यांना त्यामानाने बरंच सोपं, एका रात्रीत हावडा. मुंबईहून विमानाने हैदराबाद दीड तास आणि कोलकाता अडीच-पावणेतीन तास. पण कोलकात्याला आता विमानतळापर्यंत मेट्रो आलीय (ऑगस्ट २०२५ पासून), हैदराबादला शमशाबादच्या विमानतळाहून शहरात यायला बस नाहीतर कॅब. ट्रेनचं तिकीट काढताना आईचं वय नीट टाका, पंचेचाळीस आणि त्यापुढच्या बायकांना शिल्लक असेल तर लोअर बर्थ आपोआप देतात, पण शिल्लक असेल तरच, म्हणून बुकिंग लवकर करा.

आता शहराच्या आतलं. इथे चित्र उलटं होतं आणि हे मला जाण्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. हैदराबाद जवळ आहे, सोयीचं आहे, पण त्याची दोन सगळ्यात मोठी नावं चढायची आहेत. चारमिनारला वरपर्यंत १४९ पायऱ्या, त्याही अरुंद आणि गोल फिरत जाणाऱ्या, आणि गोवळकोंड्याच्या किल्ल्यावर अगदी माथ्यावरच्या बाला हिसारपर्यंत साडेतीनशेच्या वर. गुडघे दुखणाऱ्या आईला गोवळकोंडा चढायला लावणं म्हणजे पुढचे दोन दिवस हॉटेलच्या खोलीत काढायची तयारी. यावर माझा उपाय असा की चारमिनार खालूनच बघायचा, १५९१ मध्ये बांधलेली ती वास्तू खालून जास्त देखणी दिसते असं माझं मत आहे, आणि गोवळकोंड्याला दुपारी न जाता संध्याकाळच्या साउंड अँड लाइट शोला जायचं. शो बसून बघायचा असतो, अंधारात किल्ल्यावर दिवे लागतात, आईला सगळा इतिहास ऐकायला मिळतो आणि एकही बुरूज चढावा लागत नाही. हिंदीतला शो कुठल्या वेळेला आहे ते आधी विचारून घ्या आणि ओडोमॉस लावून जा, डास खूप असतात. दरवाजाशी टाळी वाजवली की वर टेकडीच्या माथ्यावर ऐकू येते ती गंमत मात्र खाली उभं राहूनही अनुभवता येते, गाइड लोक करून दाखवतातच.

हैदराबादमधलं आईबरोबर बघण्यासारखं खरं म्हणजे सालारजंग म्युझियम. तिथलं ते वाजणारं घड्याळ, दर तासाला आतून छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो, आणि ते बघायला सगळे समोर बसून वाट बघत असतात. आईसुद्धा लहान मुलीसारखी मान उंच करून बघत होती, ते बघायलाच मला जास्त मजा आली. बुरखा घेतलेल्या, बायबलमधल्या रिबेकाचा संगमरवरी पुतळा बघून तर ती जवळ जाऊन जाऊन बघत होती की दगडातून चेहरा दिसतो कसा. चौमहल्ला पॅलेस आणि कुतुबशाही मकबरेही बरेचसे सपाट आहेत, बाग आहे, सावली आहे, हळूहळू गप्पा मारत फिरता येतं. आणि मराठवाड्यातल्या आयांना तर हे शहर परकं नाहीच, १९४८ पर्यंत निजामाचंच राज्य, कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांचं शिक्षण आणि कोर्टकचेऱ्या हैदराबादला झालेल्या. तशी आई असेल तर मग विचारच करू नका, हैदराबादलाच न्या आणि तिला बोलू द्या.

कोलकाता सपाट शहर आहे. चढण नाही, पण चालणं खूप आणि दमट हवा. तरीही आईने तिथे "मी इथेच बसते" फारसं म्हटलं नाही, कारण बसायच्या जागाच बघायच्या जागा आहेत. व्हिक्टोरिया मेमोरियलची बाग, नदीकाठचा प्रिन्सेप घाट, आणि हुगळी नदीवरची फेरीबोट. मला कोलकात्याची सगळ्यात मोठी देणगी ही नदी वाटते. बोटीत बसलं की पाय दुखत नाहीत, वारा लागतो, आई आपोआप जुन्या गोष्टी सांगायला लागते, तिच्या लग्नाआधीच्या, ज्या घरी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये कधी निघतच नाहीत. हावडा ब्रिजच्या खालून जाणारी साधी प्रवासी फेरी घ्या, तिकीट अगदी किरकोळ असतं. फक्त बोटीत चढताना हात धरा, भरती-ओहोटीप्रमाणे धक्क्याचा उतार बदलतो.

दक्षिणेश्वरचं कालीमंदिर आणि रामकृष्ण मिशनचा बेलूर मठ यांना एक पूर्ण दिवस ठेवा. दक्षिणेश्वरपर्यंत मेट्रो जाते, स्टेशनहून देवळाकडे स्कायवॉक आहे, आणि तिथून बोटीने पलीकडे बेलूर. दक्षिणेश्वरचं देऊळ राणी रासमणी नावाच्या विधवा बाईने १८५५ मध्ये बांधलं, सगळा जमीनजुमला एकटीने सांभाळत, आईला हे सांगितल्यावर तिला लगेच आपल्या अहिल्याबाई आठवल्या आणि मग देवीपेक्षा राणीबद्दलच जास्त प्रश्न. फक्त दोन्ही ठिकाणं भर दुपारी बंद असतात, म्हणून सकाळी लवकर दक्षिणेश्वर, मधे जेवण आणि विश्रांती, मग चारनंतर बेलूर, संध्याकाळच्या आरतीला थांबून या. मल्लिक घाटाचा फुलबाजार मात्र फार सकाळी आणि फार गर्दीचा, हमाल डोक्यावर झेंडूच्या माळांचे ढीग घेऊन धावत असतात, बाजूला उभं राहायलाही जागा नसते, तो मी आईसाठी सुचवणार नाही. त्याऐवजी कुमारटुली, जिथे गवत आणि मातीच्या मूर्ती घडवतात, गल्ल्या अरुंद आहेत पण कोणी घाई करत नाही.

मेट्रोबद्दल एक सांगते. कोलकात्याची मेट्रो देशातली पहिली, १९८४ ची, आणि जुन्या स्टेशनांवर प्रत्येक दाराशी सरकता जिना मिळेलच असं नाही, त्यामुळे जिने मोजत बसण्यापेक्षा छोट्या अंतराला टॅक्सी बरी. हावड्याची नदीखालून जाणारी मेट्रो नवीन आहे, तिथे आईला आवर्जून न्या, नदीखालचा पट्टा मिनिटभरातच संपतो पण नंतर ती घरी सगळ्यांना सांगत राहते.

खाण्याचं थोडक्यात. आई शाकाहारी असेल तर हैदराबाद डोळे मिटून, इडली, पेसरट्टू (मुगाचा डोसा), थाळी, कुठेही मिळतं, इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं वेगळीच. कोलकात्यात लुची, छोलार दाल, कोचुरी, मिष्टी दोई आणि थंडीत नोलेन गुडाचे (खजुराच्या नव्या गुळाचे) संदेश यावर दिवस मजेत जातात, पण बंगाली जेवण शाकाहारी हवं असेल तर नीट शोधावं लागतं, "निरामिष" म्हणून विचारा.

साड्यांवर मात्र जास्त बोलायला हवं, कारण आई-लेकीच्या ट्रिपमध्ये अर्धा वेळ तिथेच जातो. हैदराबादला पोचमपल्ली इकत, गदवाल आणि नारायणपेठ. नारायणपेठ आपल्या आयांच्या ओळखीची, काठ बघूनच त्या भाव सांगतात, त्यामुळे खरेदी झटपट होते, आणि लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घेऊन अजून तासभर जातो. कोलकात्यात तांत, ढाकाई जामदानी, बालुचरी, कांथा, हे सगळं आईला नवं असतं, ती हात लावून बघते, विचारते, उलगडून घेते आणि दुपार निघून जाते. गरियाहाटच्या फुटपाथवर गर्दी सोसवत नसेल तर ढाकुरियाचं दक्षिणापण बरं, वेगवेगळ्या राज्यांची सरकारी एम्पोरियम एकाच आवारात आहेत. माझं मत विचाराल तर साडीची खरी मजा कोलकात्यात, खरेदीची सोय हैदराबादेत.

दोघींनी जायचंय म्हणून हॉटेल स्वस्त मिळतंय यावर जाऊ नका, जागा बघा. कोलकात्यात पार्क स्ट्रीट किंवा एस्प्लनेडच्या आसपास राहिलात की मैदान, व्हिक्टोरिया, न्यू मार्केट सगळं जवळ. हैदराबादला जुन्या शहरात राहण्याची हौस नको, तिथे दिवसा जाऊन या आणि राहायला मेट्रोच्या जवळ कुठेतरी घ्या. बायकांच्या सुरक्षिततेसाठी तेलंगणा पोलिसांची शी टीम्स ही पथकं २०१४ पासून आहेत, मला तिथे संध्याकाळी फिरताना भीती वाटली नाही, कोलकात्यातही नाही. दोन्हीकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. दुर्गापूजेला कोलकाता बघायचा मोह सगळ्यांनाच होतो पण पंचावन्न-साठीच्या आईला पहिल्यांदाच त्या गर्दीत नेऊ नका, तासन्तास चालणं असतं आणि बसायला जागा मिळत नाही.

तर तीन-चार दिवस हातात असतील, आईचा हा पहिलाच असा प्रवास असेल किंवा तिला घरची काळजी सतावत असेल तर हैदराबाद, वाटलं तर पटकन परत येता येतं. आठवडाभर सुट्टी असेल आणि तुम्हाला आईशी निवांत बोलायचं असेल तर कोलकाता, प्रवास लांब असला तरी. तिकिटं काढण्याआधी वार बघा, सालारजंग, चौमहल्ला आणि कुतुबशाही मकबरे शुक्रवारी बंद, तर कोलकात्याचं इंडियन म्युझियम आणि व्हिक्टोरियाची दालनं सोमवारी, म्हणून हैदराबादला शनिवारी पोचा आणि कोलकात्याला मंगळवारी.