लायब्ररीतलं मुलांना ऑनलाइन दिसायला हवं, मग आधी काय करायचं: डिस्कव्हरी सर्च, गूगल स्कॉलर की मूडल?

जर्नलं आणि ई-बुकांच्या डेटाबेसवर एवढा खर्च होतो आणि मुलं मात्र फुकट पीडीएफ कुठे मिळतेय ते शोधत फिरतात, ही रड बहुतेक ग्रंथपालांची असते. ओसीएलसी या लायब्ररींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००५ च्या सर्व्हेत ८४ टक्के लोकांनी सांगितलं की आम्ही शोधायला सुरुवात सर्च इंजिनपासून करतो, लायब्ररीच्या साइटपासून सुरुवात करणारे होते १ टक्का, आणि २०१० च्या अहवालात तर तसा एकही सापडला नाही. त्यामुळे होमपेजवर फिरते बॅनर लावायचे की नाही यावर मीटिंगा घेत बसण्यात काही अर्थ नाही, मुलं तिथे आलेलीच नसतात.

आता पर्याय बघू.

डिस्कव्हरी सर्च म्हणजे प्रिमो, समन, ईडीएस वगैरे. एकाच चौकटीत टाइप केलं की पुस्तकं, लेख, ई-बुक सगळं एकत्र येतं. दिसायला झकास आणि डेमोत तर फारच झकास, पण वर्षाच्या वर्षाला पैसे भरावे लागतात आणि मुळात मुलं लायब्ररीच्या साइटवर आली तरच त्याचा उपयोग. कोणी सांगेल व्हूफाइंड घ्या, ते ओपन सोर्स आहे. खरंय, चांगलंही आहे, पण फुकट मिळतं ते सॉफ्टवेअर, जगभरातल्या लेखांचा इंडेक्स त्यात येत नाही, तो परत समन, ईडीएस वगैरेंकडून विकत घ्यायला लागतो, शिवाय सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा तो वेगळाच. ज्यांना फक्त आपला कॅटलॉग नीट दाखवायचाय त्यांचं कोहा या ओपन सोर्स लायब्ररी सॉफ्टवेअरच्या ओपॅकवर (ऑनलाइन कॅटलॉगवर) मजेत भागतं.

गूगल स्कॉलर म्हणजे गूगलचं अभ्यासाचे लेख शोधायचं सर्च, त्याचं गणित उलटं आहे. मुलं तिथे आधीच असतात, आपण फक्त आपली पाटी तिथे लावायची. 'लायब्ररी लिंक्स' नावाची सोय आहे, तुमच्याकडे ओपनयूआरएल लिंक रिझॉल्व्हर (लेखाची माहिती घेऊन तो आपल्याकडे जिथे आहे तिथे नेणारं सॉफ्टवेअर) असेल आणि कुठल्या जर्नलचे कुठल्या वर्षापासूनचे अंक आपल्याकडे आहेत ती यादी गूगलला मिळत असेल तर शोधलेल्या लेखाच्या शेजारी तुमच्या लायब्ररीची लिंक येते, आणि गूगल त्याचे पैसे घेत नाही. कॅम्पसच्या नेटवर ती आपोआप दिसते, घरून मात्र मुलाला सेटिंगमध्ये जाऊन आपली लायब्ररी निवडावी लागते (पाचपर्यंत निवडता येतात). हे एक पाऊल मुलं कधीच स्वतःहून उचलत नाहीत, ओरिएंटेशनला सगळ्यांना मोबाइल काढायला लावून तिथल्या तिथे करून घ्यायचं, नुसती स्लाइड दाखवून पुढे गेलात तर काही होणार नाही. दुसरी अडचण म्हणजे यादी शिळी झाली की लिंक खोटं बोलते, बंद केलेलं जर्नल 'आहे' म्हणते, आणि दोनदा फसलेला मुलगा तिसऱ्यांदा त्या लिंकवर क्लिक करत नाही. आणि हा रस्ता मुख्यतः लेखांसाठी, तुमच्या ई-बुकांना याचा फारसा फायदा नाही.

तिसरा पर्याय मूडल किंवा जे काही एलएमएस (कोर्सचं साहित्य आणि असाइनमेंट ऑनलाइन ठेवायची सिस्टीम) असेल ते, आणि माझं झुकतं माप इथेच आहे. असाइनमेंट जिथे आहे तिथेच खाली तीन लेख आणि एका ई-बुकचं प्रकरण दिलेलं असेल तर मुलगा शोधायलाच जात नाही, सरळ उघडतो. पण इथे एक गंमत होते. सर किंवा मॅडम लेख उघडतात, वरच्या अॅड्रेस बारमधला लांबलचक पत्ता कॉपी करतात आणि कोर्सवर पेस्ट करतात, त्यांच्या केबिनमधून तो मस्त चालतो कारण कॉलेजचा आयपी (नेटवरचा पत्ता) ओळखला जातो, आणि रात्री घरून मुलाने क्लिक केलं की प्रकाशक पैसे मागतो नाहीतर सेशन संपलं म्हणतो. मुलाला वाटतं लायब्ररीकडे हे नाहीच, आणि आपण पैसे भरलेले असतात! उपाय साधा आहे, डीओआयची (लेखाच्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाची) लिंक घ्यायची आणि तिच्या सुरुवातीला ईझीप्रॉक्सीचा किंवा घरून लॉगिन करून आत सोडणारी तुमची जी प्रॉक्सी असेल तिचा पत्ता जोडायचा, म्हणजे आधी लॉगिन येतं आणि मग लेख. शिक्षकांना हे शिकवत बसण्यापेक्षा एक छोटं पान करून द्या, त्यात डीओआय टाकला की तयार लिंक बाहेर, कोण लक्षात ठेवणार ते सगळं. तोटा एकच पण मोठा: हे काम कोर्सगणिक करावं लागतं आणि शिक्षक सोबत नसतील तर हलत नाही. म्हणून ज्या कोर्सला मुलं सर्वात जास्त तिथून सुरुवात करा, सगळे विभाग एकदम घ्यायला जाऊ नका.

सोशल मीडियाबद्दल फार बोलण्यासारखं नाही, वेळा आणि सुट्ट्या कळवायला बरं, त्यावरून जर्नल कोणी वाचत नाही.

तुमचे स्वतःचे प्रबंध, जुने अंक डीस्पेसवर (कॉलेजचं स्वतःचं साहित्य ऑनलाइन ठेवायच्या सॉफ्टवेअरवर) असतील तर तो विषय वेगळा, तिथे स्कॉलरला ते वाचता येतायत का एवढं बघा. पीडीएफ ५ एमबीच्या आत हवी, आत शोधता येणारा मजकूर हवा नुसते स्कॅनचे फोटो नकोत, आणि शीर्षक-लेखक-तारीख सांगणारे स्कॉलरला चालणारे मेटा टॅग (पानाच्या कोडमधली लपलेली माहिती) हवेत, डब्लिन कोअर नावाच्या नुसत्या सर्वसाधारण टॅगवर विसंबू नये असं गूगल स्वतःच सांगतं. अख्खा प्रबंध जाडजूड स्कॅन करून एकाच फाइलमध्ये चढवलेला असेल तर तो तिथे सापडत नाही, मग वापरच नाही म्हणून कमिटीत बोलणी खावी लागतात.

तर निवडायचं कसं? रिझॉल्व्हर आधीच असेल तर स्कॉलरचं काम आधी उरका, त्यात खर्च नाही. रिझॉल्व्हर नसेल आणि माणसं दोनच असतील तर थेट मूडल, पाच कोर्स, नीट लिंका. डिस्कव्हरीला हात तेव्हाच घाला जेव्हा डेटाबेस इतके झालेत की कुठला कशासाठी हे काउंटरवरच्या माणसालाही सांगता येत नाही, आणि तेव्हाही विकायला आलेल्याला त्याच्या डेमोतला शब्द टाकू देऊ नका, तुमच्या मुलांनी खरंच टाइप केलेले, स्पेलिंग चुकलेले दहा शोध त्याच्यासमोर टाका आणि पहिल्या पानावर काय येतं ते बघा.